आधी स्वतःस : मुंबईतील मैत्रीभावनेची हकीकत

इसवी सन 1937 मध्ये, परळच्या ज्या टापूत गिरण्यांच्या भोंग्यांवर हजारो माणसांचे उठणे, जेवणे आणि निजणे ठरत असे, त्याच टापूत आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ‘बहुजन विहार’ नावाचे बौद्ध मंदिर उघडले. द्रव्य जुगलकिशोर बिर्ला यांचे होते, वस्ती श्रमिकांची होती, आणि संकल्प अशा पुरुषाचा होता की, ज्याने गोव्यातील साखवाळ या आपल्या गावातून, घरी पत्नी व तान्ही मुलगी असताना, 1899 साली बुद्धाच्या शोधार्थ बाहेर पडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश एवढा प्रदेश बहुतेक निष्कांचन अवस्थेत पालथा घातला होता. या विहाराविषयी बोलताना लोक बहुधा त्याच्या धार्मिक आणि सामाजिक बाजूवर थांबतात. मला त्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. उतारवयात माणसाने स्वतःशी कसे वागावे, या प्रश्नाचा जो विचार आज मानसशास्त्रात ‘आत्मकरुणा’ या नावाने मांडला जातो आणि वृद्धांना रीतसर शिकविला जातो, त्याचे एक प्राचीन मूळ याच मनुष्याच्या परिश्रमाने मराठी वाचकाच्या आवाक्यात येऊन ठेपले होते. आणि त्या विचाराचा पुढचा प्रवासही, आश्चर्य वाटावे इतका, याच शहरातून झालेला आहे.

ते मूळ म्हणजे ‘विसुद्धिमग्ग’. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपुराच्या महाविहारात रचलेल्या या ग्रंथाच्या संपादनास हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हात घातला होता. पण 1899 मध्ये तो वारला आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक लॅनमन यांनी कोसंबींना पाचारण केले, आणि 1910 पासून पुढील दोन दशकांत चार वेळा अमेरिकेची वारी करून त्यांनी ते तडीस नेले. हार्वर्डची ती आवृत्ती छापून निघाली 1950 साली, म्हणजे कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. परंतु तत्पूर्वीच, 1940 मध्ये, त्यांनी सिद्ध केलेला नागरी लिपीतील पाठ मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने प्रसिद्ध केला होता, आणि ध्यानाच्या या मार्गाचा परिचय करून देणारे त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे छोटेखानी पुस्तक तर 1925 पासूनच उपलब्ध होते. पाली भाषेचे हे भांडार मराठी मुलखात आणणारा विद्वान गिरणगावात राहण्यास येतो, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात जेवढी नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेलेली नाही.

या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचे विवेचन आहे. हीच चौकडी पतंजलीच्या योगसूत्रांतही आढळते, तेव्हा मराठी मनाला ती परकी नाही. बुद्धघोषांचे वैशिष्ट्य आहे ते त्यांनी घालून दिलेल्या क्रमात. मैत्रीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तो प्रथम स्वतःपासून सुरू करावा, आपण सुखी असावे, आपले दुःख सरावे, अशी इच्छा स्वतःविषयी मनात पुनःपुन्हा धरावी, असे ते सांगतात. ही आत्मप्रीती स्वार्थाची शिकवण ठरू नये म्हणून त्यांनी पुढे जी पुस्ती जोडली आहे ती फार मार्मिक आहे: येथे स्वतःला उभे करावयाचे ते साक्षीदार म्हणून, मला जसे सुख हवे आणि दुःखाचे भय वाटते तसेच ते इतरांसही वाटते, ही साक्ष आपल्याच अंतःकरणातून मिळाल्यावाचून दुसऱ्याविषयीची कळकळ खरी होत नाही. शंभर वर्षे केवळ स्वतःवर मैत्री केली तरी गाढ समाधी लाभावयाची नाही, हेही ते बजावतात. म्हणून स्वतःनंतर पूज्य गुरू, मग प्रिय मित्र, मग ज्याच्याविषयी राग नाही की लोभ नाही असा तटस्थ मनुष्य, आणि सर्वांत शेवटी वैरी, असा हा वाढता विस्तार आहे.

त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे, आणि वृद्धांचा विचार करणाऱ्याने ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. दिवंगत व्यक्तीला विषय करून मैत्रीचा हा अभ्यास करू नये, असे बुद्धघोष म्हणतात, आणि त्यासाठी एका तरुण भिक्षूची कथा देतात. आपल्या आचार्यांवर मैत्री करू पाहणाऱ्या या भिक्षूचे चित्त काही केल्या स्थिर होईना. एका स्थविराने त्याला विषयाचाच तपास करावयास सांगितले. तेव्हा आचार्य आधीच निवर्तल्याचे त्यास कळले. ज्याच्या पिढीतील निम्मीअधिक माणसे तसबिरींत जाऊन बसली आहेत, ज्याला प्रिय मनुष्य आठवावयास सांगितले की वारलेली पत्नी किंवा वारलेला भाऊच प्रथम आठवतो, अशा माणसाच्या बाबतीत ही सूचना किती व्यवहार्य आहे हे पाहावे. तीत मृतांविषयी अनादर नाही. शोकाला त्याचा वेगळा काळ द्यावा आणि स्नेहाचा अभ्यास मात्र हयात माणसांना धरून करावा, असा तिचा आशय मला दिसतो. आणि हयात माणसांपैकी सर्वांत निकटचे माणूस म्हणजे स्वतः आपण.

ही शिकवण रुजण्यास मुंबईची जमीन मात्र कठीण होती. गिरगावातील चाळींत राहणारा पांढरपेशा मनुष्य कचेरीत, पोर्ट ट्रस्टात, रेल्वेत किंवा म्युनिसिपालिटीत कारकुनी करून हयात घालवीत असे. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमाखर्चाचा ताळा जमविणारा हा मनुष्य सेवानिवृत्तीनंतर रिकाम्या दुपारी स्वतःच्या आयुष्याची वही उघडून बसे, आणि तीत खर्चाच्या बाजूला काय काय लिहावे याला अंत नसे: मुलाला विलायतेस पाठवता आले नाही, धाकटीचे लग्न उशिरा झाले, वडिलांच्या आजारात रजा मिळवली नाही. लालबाग-परळमधील गिरणी कामगाराची तऱ्हा निराळी, पण तिचे फलित तेच. कोकणातून किंवा घाटावरून आलेला हा गडी एका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही, खानावळीत जेवे, साच्यावर उभा राहून आठ तास काढी आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर करी. त्या मनिऑर्डरीवर त्याचे घरातील स्थान उभे असे. हात थकले, दृष्टी मंदावली, सुटलेला धागा जोडणे जमेनासे झाले, की पैसा थांबे, आणि पैशाबरोबर आपले मोलही संपले असे त्यास वाटू लागे. घरच्या स्त्रियांचा या हिशेबात कोठे उल्लेखही येत नसे. चुलीपुढे पन्नास वर्षे काढलेली आजी हातातून भांडे पडले की प्रथम स्वतःलाच दूषण देई. तिने कधी निवृत्ती मागितली नव्हती आणि तिला कोणी ती दिलीही नव्हती.

अशा मनांना आपल्या समाजाने काहीच आधार दिला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गिरगावात 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात रविवारच्या उपासनेला जाणारा वृद्ध गृहस्थ अनुतापाबरोबर ईश्वरी क्षमेचाही विचार ऐके. आणि ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी तेथे प्रवचने केली, ते न्यायासनावर बसून दुसऱ्यांच्या कृत्यांचा निवाडा करणारे होते, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. त्याहून मोठा आधार गिरणगावातील भजनी मंडळांचा. चाळीच्या मधल्या पटांगणात किंवा गल्लीतील मारुतीच्या देवळात रात्री टाळ-मृदंग निघत, आणि दिवसपाळीहून आलेला तरुण व काम सुटलेला म्हातारा एकाच पंक्तीत बसत. संतांच्या वाणीत आत्मनिंदेचे अभंग पुष्कळ आहेत. मनुष्य एकटा असताना स्वतःला पतित म्हणतो तेव्हा ते मनात विषासारखे भिनते. तेच शब्द पंधरा कंठांतून, तालावर, पांडुरंगापुढे उच्चारले जातात तेव्हा दोष एकट्याचा राहत नाही, ऐकणारा कोणी आहे असे वाटते, आणि अभंगाच्या शेवटी भक्ताला दूर लोटले जात नाही. आधुनिक मानसशास्त्र ज्याला मानवी दुःखाचे समानत्व म्हणते, त्याचा अनुभव लालबागच्या म्हाताऱ्यांनी कोणत्याही शास्त्राचे नाव न घेता घेतलेला आहे. न्यून एवढेच की भजन संपल्यावर, घरी अंथरुणावर पडल्यावर, एकट्याने करावयाचा असा काही अभ्यास त्यातून प्रत्येकाच्या हाती लागतोच असे नव्हते.

कोसंबींच्या स्वतःच्या अखेरीचा उल्लेख येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सत्तरीत पोचल्यावर, शरीर व्याधींनी जर्जर झाले असता, या थोर पुरुषाने अन्नत्यागाने देह ठेवण्याचा निश्चय केला. गांधीजींनी एकदा त्यांना त्यापासून परावृत्त केले, परंतु अखेर जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे त्यांचा अंत त्याच मार्गाने झाला. जैन परंपरेतील देहत्यागाच्या आदर्शाविषयी त्यांना आदर होता, आणि जीर्ण शरीराने समाजावर भार होऊन राहू नये अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या तपश्चर्येपुढे माझे मस्तक नम्र आहे. तरीही, ज्या ग्रंथाने मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करावयास सांगितली त्याच्या संपादकाला आपले वृद्ध शरीर भार वाटावे, याची खंत मला वाटते, आणि ती मी लपवीत नाही. मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगावर मोजण्याची सवय किती खोल जाते, आणि ती विद्वानालाही सोडीत नाही, हे यावरून दिसते. भार होण्याचे हे भय आजही आपल्या वृद्धांच्या मनात सर्वांत अधिक घर करून असते. ते तोंडाने बोलले गेले तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये, आणि जगणेच नकोसे झाल्याचा सूर लागला तर विनाविलंब डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे.

परळ-नायगावातील बीडीडी चाळींत 1956 च्या धर्मांतरानंतर मैत्रीचा उच्चार घरोघरी होऊ लागला. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्याही पुढे जाणारी म्हणून मैत्रीला अग्रस्थान दिले आहे, आणि ज्यांना समाजाने पिढ्यानपिढ्या स्वतःचा तिरस्कार करावयास शिकविले होते त्यांच्या ओठी, विहारातील वंदनेत, सर्व प्राण्यांच्या, आणि अर्थातच आपल्याही, सुखाची इच्छा आली. चाळीतील ज्या वृद्धांनी तरुणपणी अस्पृश्यतेचे चटके सोसले होते त्यांच्या दृष्टीने ही मनाच्या समजुतीपुरती गोष्ट नव्हती. ती हक्काची होती.

यानंतरचा धागा रंगूनहून येतो. तेथील महालेखापाल सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख असून त्यांनी आपल्या कचेरीतच कारकुनांसाठी विपश्यनेची मंडळी स्थापिली होती आणि 1952 मध्ये रंगूनात स्वतंत्र साधनाकेंद्र उघडले होते. अर्धशिशीने हैराण झालेला सत्यनारायण गोयंका हा मंडालेत जन्मलेला मारवाडी व्यापारी 1955 साली त्यांच्याकडे गेला आणि पुढे चौदा वर्षे त्यांच्यापाशी शिकला. गोयंकांचे आईवडील एव्हाना मुंबईत येऊन राहिले होते, आणि आईला मनोव्याधीने ग्रासले होते. ब्रह्मी सरकार त्या काळी नागरिकांना सहसा परदेशी जाण्याचा परवाना देत नसे. आईच्या आजारपणाच्या सबबीवर तो मिळाला. जून 1969 मध्ये गोयंका मुंबईत उतरले, आणि 3 ते 13 जुलै या दहा दिवसांत, पंचायतीवाडी धर्मशाळेत, त्यांचे भारतातील पहिले शिबिर भरले. साधक होते अवघे चौदा: आई, वडील आणि आणखी बाराजण. आज जगभर पसरलेल्या या परंपरेचा भारतातील श्रीगणेशा एका आजारी आईसाठी, मुंबईच्या एका साध्या धर्मशाळेत, ऐन पावसाळ्यात झाला, ही हकीकत आपल्या शहराच्या इतिहासात ठळक अक्षरांत असावयास हवी. दहा दिवसांच्या मौनाचा आणि श्वास व संवेदना यांच्या निरीक्षणाचा शेवट या पद्धतीत मैत्रीभावनेने होतो. आपल्या अंगी जी शांती आली तिच्यात इतरांस वाटेकरी करून घ्यावे, हा तिचा हेतू. 1976 मध्ये इगतपुरीस धम्मगिरीची उभारणी सुरू झाली आणि मुंबईचे अनेक सेवानिवृत्त गृहस्थ कसारा घाट चढून तेथे जाऊ लागले.

धर्मशाळेतून निघालेली ही वाट पश्चिमेकडे वळली तीही लौकरच. जानेवारी 1971 मध्ये बोधगया येथे गोयंकांनी घेतलेल्या शिबिरात शॅरन साल्झबर्ग ही अमेरिकन तरुणी बसली होती; तिने पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये सहकाऱ्यांसह साधनाकेंद्र काढले आणि 1995 साली मैत्रीभावनेवर पुस्तक लिहिले. अमेरिकेतील बौद्ध साधनामंडळांच्या संपर्कात आलेल्या क्रिस्टिन नेफ यांनी, टेक्सास विद्यापीठात अध्यापन करीत असता, 2003 मध्ये आत्मकरुणेची शास्त्रीय व्याख्या आणि तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. चूक झाली असता स्वतःशी कठोर न होता ममतेने वागणे, आपले दुःख हे सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचाच अंश आहे हे ओळखणे, आणि ते दुःख न दडपता व न फुगवता पाहणे, ही तिची तीन अंगे होत. ख्रिस्तोफर जर्मर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमही आखला. याचे सर्व श्रेय मुंबईला द्यावे असा माझा आग्रह नाही. मैत्रीच्या वाटा सिंहल, ब्रह्मदेश आणि तिबेट येथूनही गेल्या आहेत. पण अनेक वाटांपैकी एक आपल्या दारावरून गेली, हे खरे.

वृद्धांविषयीचे एक संशोधन तर आपल्याकडील प्रत्येक घरात सांगण्याजोगे आहे. ड्यूक विद्यापीठातील मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे त्यांचे समाधान आत्मकरुणेवर फारसे अवलंबून नसते. परंतु ज्यांचे शरीर खचले आहे त्यांच्यात, जे स्वतःशी ममतेने वागतात ते इतरांहून अधिक समाधानी असतात, आणि दुसऱ्याची मदत घेण्याचा त्यांना कमी जाच वाटतो. काठी, कानातले यंत्र, जिना उतरताना नातवाचा हात, या गोष्टी नाकारून जे वृद्ध पडतात, झडतात, घरात कोंडून घेतात, त्यांच्या हट्टामागे बहुधा अहंकारापेक्षा लज्जा अधिक असते.

गिरणगावात या लज्जेला एक तारीखही आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि पुष्कळांची कामे कायमची गेली. तेव्हा चाळिशीत असलेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या त्याची कारणे भांडवल, जमिनीचे भाव आणि सरकारी धोरण यांत होती. पण ‘मी संपात उतरलो म्हणून पोरांचे शिक्षण सुटले’ हा ठपका त्या माणसाने स्वतःवर ठेवला, आणि लक्षावधी लोकांवर एकाच वेळी आलेली आपत्ती तो एकट्याचा गुन्हा म्हणून वाहत राहिला. यांच्यासमोर करुणेचे पाठ घेताना इतिहासही सांगावा लागेल. दोष कोणाचा होता याचा योग्य वाटा ज्याला त्याला दिल्यावाचून स्वतःला क्षमा करावयास सांगणे म्हणजे, जो गुन्हा त्याने केलाच नाही त्याची माफी देणे होय. मुंबईत किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीतून शिकविताना कृतीचा निवाडा करावा पण त्या कृतीवरून अख्ख्या माणसाला नालायक ठरवू नये, हा जो भेद विशद केला, तो येथे फार उपयोगी पडेल असे मला वाटते.

दादर, परळ आणि गिरगाव येथे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. महाराष्ट्रभरच्या अशा संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघही आहे. त्यांच्या बैठकींत वाढदिवस साजरे होतात, मधुमेहावर व्याख्याने होतात, सहली निघतात, इच्छापत्राविषयी वकिलांचा सल्ला मिळतो. या कार्यक्रमात आठवड्याला एक तास मैत्रीभावनेस द्यावा, आणि तो तास बाहेरून आलेल्या तरुण तज्ज्ञाकडे कायमचा न सोपविता संघातल्याच कोणा जाणत्या सभासदाला तयार करून त्याच्या हाती द्यावा. आरंभी पाच मिनिटे श्वासाकडे पाहावे. मग ज्या चुकीने मन खाते ती चूक जिवलग मित्राने केली असती तर त्याला आपण काय सांगितले असते, ते प्रत्येकाने कागदावर लिहावे आणि मनातल्या मनात स्वतःलाच वाचून दाखवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्यास सांगावे. बायकांचा गट वेगळा असलेला बरा, कारण सुनेविषयी, मुलाविषयी आणि स्वतःच्या थकव्याविषयी त्या पुरुषांच्या देखत मोकळेपणी बोलत नाहीत. ज्यांना ध्यानाला बसवत नाही त्यांनी अभंग म्हणावा. नुकताच वियोग झालेल्या सभासदाला प्रिय माणूस आठवावयास सांगू नये. त्याला हयात असलेला एखादा मित्र, शाळेतला वर्गबंधू, किंवा रोज दूध आणून देणारा मुलगा विषय म्हणून द्यावा. तासाच्या अखेरीस चहा असावा, आणि जे आजारपणामुळे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी दोघांनी जाऊन तोच पाठ त्यांच्या अंथरुणाशी बसून घ्यावा.